लाँचवर चढलेली वीणा

“हे तुम्हांला खरं वाटणार न्हाय,” येसाजी म्हणाला. “मी स्वतः करून आलो, तरी सकाळी उठल्यावर मलाच वाटत न्हाय. दोन घोट चा पोटात गेला की मग वाटायला लागतं.”

मारुतीच्या देवळात बसलेल्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. खरं वाटणार नाही, हे ते घरूनच ठरवून आले होते. येसाजीचा त्यांना पन्नास वर्षांचा अनुभव होता. त्यानं पाऊस पडतोय म्हटलं तर माणसं आधी हात बाहेर काढून बघत, आणि हात भिजला तरी वर कौलांवर कोण पाणी ओततंय का हे पाहून घेत. खाडीतला एक जिताडा म्हणे त्याच्या ताटातून उठून, मीठ कमी आहे असं सांगून, परत पाण्यात गेला होता. असल्या माणसाला आज कमिटीनं खुलासा विचारला होता.

खुलासा कशाचा, ते सांगायला हवं.

रेवसच्या अलीकडच्या त्या गावात दर माघात अखंड नामाचा सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री देवळात वीणा उभी असते, म्हणजे कुणाच्या तरी गळ्यात असते आणि तो माणूस उभ्यानं नाम घेत असतो. त्याचा पहारा दोन तासांचा. दोन तासांनी दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. मधल्या मधे ती भुईला टेकायची नाही, खुंटीला लागायची नाही आणि तोंडातलं नाम तुटायचं नाही. अठ्ठावन्न वर्षं ते तुटलं नव्हतं. बायका चुलखंडावर डाळभाताचे टोप चढवत, काकड्याला टाळ धरत, पण पहाऱ्याच्या यादीत बाईचं नाव कधी आलं नव्हतं. तसा नियम कुणी केला नव्हता. त्यामुळं तो मोडायचा कसा, हेही कुणाला सुचलं नव्हतं.

येसाजीच्या बापानं त्याला वीणा पहिल्यांदा दिली तेव्हा एवढंच सांगितलं होतं, “उधाणाच्या भरतीला खारबांधावर राखण करतोस ना? बदली माणूस आल्याबिगर बांध सोडतोस का? तसंच हाय हे. हातातलं काम दुसऱ्याच्या हातात पडल्याबिगर सोडायचं न्हाय. देवाला दुसरं काय लागत न्हाय.” येसाजी आयुष्यभर बाकी सगळं खोटं बोलला, पण एवढं एक त्यानं खरं धरलं होतं.

आता यंदाचे कमिटीचे अध्यक्ष कुलदीप. वय बत्तीस, पांढरा शर्ट, मांडव्याच्या बाजूला बंगलेवाल्यांना जागा दाखवायचा धंदा. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्याचं म्हणणं असं, की हल्ली दुपारच्या पहाऱ्याला माणसं मिळत नाहीत. कुणी कंपनीत, कुणी मुंबईत. तर बारा ते चार वीणेला एक छानसा स्टीलचा स्टँड करायचा, शेजारी स्पीकरवर नाम लावून ठेवायचं. “सिंपल आहे, आबा. प्रॅक्टिकल विचार करा. देवाला नाव ऐकायचंय, ते ऐकू येतंय.”

“मग प्रसादाला पण स्पीकर लाव,” येसाजी म्हणाला होता. “ढेकराचा आवाज काढ. पोट भरंल समद्यांचं.”

त्यावर मंडळी हसली, आणि कुलदीपनं मोबाइल काढला.

मागच्या वर्षी देवळात कॅमेरा बसवला होता. माकडं गाभाऱ्यात शिरून नारळ पळवतात म्हणून. मारुतीच्या देवळात माकडांवर पहारा ठेवणारं हे गाव. कॅमेऱ्यात माकड एकही सापडलं नाही, पण माघ शुद्ध दशमीचा येसाजी सापडला. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी तो गळ्यात वीणा घेऊन चित्राच्या डाव्या कडेनं बाहेर गेला. चार वाजून पाच मिनिटांनी उजव्या कडेनं आत आला. मधलं कुलदीपनं कापून टाकलं होतं.

“तीन तास,” कुलदीप म्हणाला. “वीणा कुठं होती, आबा? खाली ठेवली होती ना? ठेवली असेल तर ठेवली म्हणा, आम्ही काही बोलणार नाही. फक्त मग अखंड अखंड करून स्टँडला विरोध करू नका. एकदा तुटलंच आहे, तर आता नीट सोयीनं करू.”

म्हणजे आज येसाजीला एवढंच सिद्ध करायचं होतं, की वीणा खाली ठेवली नव्हती. नाहीतर यंदापासून ती स्टीलच्या घोड्यावर बसणार होती.

गंमत अशी, की वीणा खाली ठेवली नव्हतीच. हे इतकं खरं होतं की येसाजीला ते बोलायची सवयच नव्हती. शिवाय त्या खऱ्याच्या शेपटाला आणखी एक खरं बांधलेलं होतं, आणि ते चारचौघांत ओढून काढलं तर त्याच्या सत्तर वर्षांच्या अब्रूचं धोतर सुटणार होतं. तेव्हा त्यानं गाभाऱ्याकडं पाहिलं आणि मनातल्या मनात मारुतीला सांगितलं, ‘तू लंकेत माशीएवढा होऊन शिरलास, तेव्हा दारावरच्यांना खरं नाव सांगितलं व्हतंस का? मग आता गप बस.’

आणि त्यानं सुरुवात केली.

“माझा पहारा दहा ते बारा. बारा वाजले, सदाचा पत्ता न्हाय. साडेबारा वाजले. एक वाजला. देवळात चिटपाखरू न्हाय, समदी जेवून आडवी. मी म्हटलं, येसाजी, माणूस इणेकडं येत न्हाय, तर इणा माणसाकडं न्यायची. तोंडात नाम, गळ्यात इणा, निघालो.”

“कुठं?” कुणीतरी विचारलं.

“आधी सदाच्या घराकडं.”

सदा मृदंग वाजवायचा. पन्नाशीचा, गोल पोटाचा, सप्ताहात कपाळभर बुक्का लावून हिंडणारा. त्यानं मांडी बदलली. “मी आजारी व्हतो, येसाजीभाव. पोटात कळ मारत व्हती.”

“व्हय की. मी कुठं न्हाय म्हणतो? दार आतून लावलेलं. मी मागच्या अंगाला गेलो. तिथं गावातली मांजरं बसलेली, ओळीनं. अकरा व्हती. पुढचे पाय जुळवून, डोळे मिटून, कीर्तनाला बसल्यागत. मी म्हटलं, मांजरांनो, आज दशमी, सप्ताह चालू, गावात सात दिवस मासळीचा काटा न्हाय, तुम्ही कसली वाट बघताय? तर त्यांतली एक पिवळी मांजर माझ्याकडं बघून...”

“असू दे, असू दे,” सदा एकदम म्हणाला. “मांजरांचं काय घेऊन बसलात. पुढं सांगा. तुम्ही आला व्हता मागच्या दारी. मला चाहूल लागली व्हती.”

मंडळींनी सदाकडं पाहिलं. सदा साक्ष देतोय म्हटल्यावर गोष्टीला एक पाय फुटला.

खरं तर येसाजी त्या दुपारी सदाच्या घराकडं फिरकलाच नव्हता. संध्याकाळी घरी जाताना त्यानं फक्त सदाच्या मागच्या दारी मांजरं मिशा पुसत बसलेली पाहिली होती. तीन होती. पण निखाऱ्यावरच्या सुक्या बोंबलाचा वास तीन मांजरांना येतो तसा अकरांनाही आला असता, यात खोटं ते काय.

“सदा उठंना. मंग मी म्हटलं, दोन ते चार कुणाचा पहारा? आपल्या अध्यक्षांचा.”

“मी आलो होतो दोनला,” कुलदीप म्हणाला. “देवळात कोणीच नव्हतं, म्हणून परत गेलो.”

“आलास की. मी कुठं न्हाय म्हणतो?” येसाजी म्हणाला. ‘मी कुठं न्हाय म्हणतो’ हे त्याचं फार जुनं हत्यार होतं. समोरचा खोटं बोलला की तो त्याला हात देऊन वर घ्यायचा आणि वर घेतल्यावर सोडायचा. “पर मला कोण म्हणालं, अध्यक्ष मुंबईला गेले. म्हटलं, मुंबई तर मुंबई. रेवसच्या धक्क्यावर गेलो. लाँच सुटायच्या बेतात. सारंग म्हणाला, ‘चाचा, बैठ जाओ.’ मी बसणार कसा? इणेकऱ्यानं बसायचं न्हाय. उभा राहिलो पुढं, लाँचच्या नाळेवर. तोंडात नाम चालू. लाँच सुटली.”

“लाँचवर?” एक म्हातारा म्हणाला. “इणा घेऊन?”

“मंग काय धक्क्याला टेकवून जाऊ? ऐका तर. लाँचवर एक गुजराती शेठ, दोन पोरी कॉलेजच्या, चारपाच कोळणी रिकाम्या टोपल्या घेऊन, आणि एक माणूस सबंध वेळ फोनवर भांडत व्हता. पहिल्यानं समदी हसली. मंग शेठनं बुटातले पाय काढले. कोळणींनी टोपल्यांवर ठेका धरला. फोनवाला भांडता भांडता मधेच ‘राम कृष्ण हरी’ म्हणाला, आणि पलीकडचा फोन ठेवूनच गेला. भांडणच मिटलं. अर्ध्या खाडीत गेल्यावर सारंग घाबरला. मला म्हणतो, ‘चाचा, इंजिन नाम ले रहा है.’ मी कान लावला. व्हय. ढग ढग ढग ढग करणारं इंजिन, ते तालात आलेलं. एक टाळी चुकत न्हवती. सदा, तुझ्यापेक्षा बरं.”

“असंल,” सदा पडेल आवाजात म्हणाला. तो अजून मांजरांतून बाहेर आला नव्हता.

“आबा, हे जास्त होतंय,” कुलदीप म्हणाला. त्यानं मोबाइल खिशात घातला नव्हता. “लाँच मुंबईला गेली, मग मी तुम्हांला कुठं भेटलो?”

“भेटला कुठं? दिसलास. वाऱ्यानं लाँच जरा मांडव्याच्या अंगाला गेली. तिथं जेटीवर बघतो तर आपले अध्यक्ष. संगं पांढऱ्या बुटांचा एक माणूस आणि गॉगल लावलेली त्याची बायको. तिघांच्या हातात आइस्क्रीम. तुझं आंब्याचं व्हतं, कुलदीप. मी लाँचवरून हात केला. तू पण केलास. म्हटलं, पोरगं पाव्हण्यांची सेवा करतंय, ती पण सेवाच, कशाला बोलवायचं?”

कुलदीपनं मोबाइल खिशात घातला. त्या दिवशी दुपारी अडीचला त्यानं व्हॉट्सॲपवर हात जोडलेल्या चित्राखाली ‘सप्ताह सेवेत’ असं लिहून ठेवलं होतं, आणि ते गावानं पाहिलं होतं. आइस्क्रीम आंब्याचंच होतं. ते येसाजीला भाविकाकडून कळलं होतं. ती त्याची भाची, मांडव्याच्या जेटीवर शहाळी विकते आणि कोण कुणाबरोबर काय खातो ते विसरत नाही. पण कुलदीपला भाविका आठवली नाही. त्याला समुद्रातून हात करणारा येसाजी दिसायला लागला.

“हो... कुणीतरी हात केल्यासारखं वाटलं होतं,” तो म्हणाला.

गोष्टीला दुसरा पाय फुटला. आता ती उभी राहिली.

येसाजीला हुरूप आला. इथं थांबला असता तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण गोष्ट सांगणाऱ्याला थांबायला सांगणं म्हणजे उताराला लागलेल्या नारळाला थांब म्हणणं. त्यानं भाऊच्या धक्क्यावर हमाल उभे केले, त्यांच्या माना डोलवल्या, परतीला लाँचमधलं डिझेल संपवलं, आणि ती नुसत्या नामावर रेवसपर्यंत आणली.

मंडळी आता रंगली होती. सदाच तेवढा थोडा शुद्धीवर आला होता, आणि मांजरांचा सूड त्याच्या मनात घोळत होता. त्यानं अगदी गरिबासारखा प्रश्न विचारला.

“येसाजीभाव, एक विचारू का? दहाला उभे राहिलात ते चारपर्यंत. सहा तास. तुमचं वय चौऱ्याहत्तर. मधे कुठं... मोकळं व्हायला जावं लागलं न्हाय?”

दोघंतिघं फिसकन हसले. सदानं अंधारात दगड मारला होता आणि तो बरोबर येसाजीच्या कपाळावर बसला होता. त्या दशमीला तो देवळातून निघाला तो कुणाला शोधायला नव्हे. पाऊण तास मांड्या आवळून, नाम घेत, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत तो शेवटी निघाला होता.

“जावं लागलं,” तो म्हणाला. “लाँचवरच.”

“मग इणा?”

आता खरं सांगायचं किंवा आणखी मोठं सांगायचं, एवढंच उरलं होतं. येसाजीनं आयुष्यात या फाट्यावर एकच वाट धरली होती.

“लाँचवर मागं एक म्हातारा बसला व्हता,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “अंगानं दांडगा. विडा खाऊन ओठ लाल. शेंदरी पंचा. रेवसला चढताना कुणी बघितला न्हाय. तो उठला, माझ्या पाया पडला, मी त्याच्या पडलो, इणा त्यानं घेतली. मी जाऊन आलो, त्यानं परत दिली. आणि बघतो तर म्हातारा न्हाय. चहूबाजूंनी पाणी. उतरणार कुठं? फळीवर नुसता ओला पाय उमटलेला. आणि कडेला... शेपूट ओढत नेल्यागत एक रेघ.”

मंडळींतल्या म्हाताऱ्यानं हात जोडले. एकानं गाभाऱ्याकडं पाहून कानाच्या पाळ्या धरल्या. येसाजीच्या स्वतःच्या अंगावर काटा आला, इतकं ते छान जमलं होतं.

आणि मग कुलदीप उठून उभा राहिला. त्याचे डोळे चमकत होते.

“आबा, तुम्ही हे वर्षभर पोटात ठेवलंत? अहो, ही वीणा म्हणजे साधी वीणा नाही मग. मारुतीरायाचा हात लागलेली वीणा. ही गळ्यात घालून कुणीही घामाच्या अंगानं उभं राहायचं? बिलकुल नाही. हिला काचेची पेटी करायची. आत लाइट. गाभाऱ्याच्या शेजारी. वर बोर्ड, लाँचची हकिकत थोडक्यात. मांडव्याला एवढी माणसं येतात शनिवार-रविवारी, ती इकडं येतील. कॅमेरा आहेच, पेटीवर फिरवू.”

“आणि सप्ताहाला?” येसाजीनं विचारलं.

“सप्ताहाला स्पीकर आहे ना.”

मंडळी माना डोलवायला लागली. सदासुद्धा. मारुतीरायाला काचेत बसवायला कोण नाही म्हणणार? स्टँडवरून तरी वीणा रोज दहा पहाऱ्यांना खाली उतरणार होती. काचेत गेली की कायमची गेली. आणि तिला तिथं उचलून ठेवणारा येसाजीच होता. खोटं होतं म्हणावं तर मग वीणा कुठं होती? खरं आहे म्हणावं तर पेटी. चौऱ्याहत्तर वर्षांत त्याला पहिल्यांदाच पुढं काय सांगावं ते सुचेना.

खांबाशी मनुबाई डाळ निवडत बसली होती. सप्ताहाचा स्वयंपाक तिच्याकडं. एरवी खाडीची मासळी विकायची, साठीची विधवा, आवाज बाजारात कमावलेला. कुठला टोप गळतो ते कमिटीला सांगायला ती सकाळीच आली होती, आणि तिला कुणी विचारलं नाही म्हणून बसून राहिली होती. तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

“येसादादा,” ती म्हणाली, “माघातली दशमीच व्हती ना ती?”

“व्हय.”

“दशमीची पाऊणपट किती, रं?”

“साडेसात,” सदा सवयीनं बोलून गेला. खाडीकाठच्या पोराला पाढे नसले आले तरी तिथीची पाऊणपट, म्हणजे भरतीची वेळ, येते.

“साडेसातला भरती. म्हंजे दीडला सुकती. रेवसच्या धक्क्याला तेव्हा गुडघाभर चिखल. आणि येसादादाची लाँच काय निवट्यासारखी चिखलातनं उड्या मारत आली?”

सगळ्यांनी मनात पाऊणपट करून पाहिली. आठही जण जन्मापासून त्या खाडीवर होते, आणि आठांपैकी एकालाही आतापर्यंत ती करावीशी वाटली नव्हती.

“खोटं हाय समदं,” मनुबाई म्हणाली. “मांजरं नि आइस्क्रीम सोडून. इणा माझ्या हातात व्हती. चुलीपाशी आला, माझ्या पाया पडला, पाच मिनटांत येतो म्हणाला, नि मागं पेंढ्यावर जाऊन तीन तास घोरला. मी म्हटलं, घोरू दे, म्हातारं माणूस हाय. एका हातात इणा, दुसऱ्या हातात डाव. नाम थांबलं न्हाय आणि रातची डाळ लागली न्हाय, तुम्हीच मिटक्या मारून जेवलात. म्हंजे तो शेंदरी पंच्याचा म्हातारा, कुलदीप बाळा, मी. आता मला काचंत बसव, न्हायतर यादी काढ, आणि बारा ते चार माझं नाव लिव.”